उडीच्या आधीचा श्वास

"पहिली काच बरी की दुसरी?"

"दुसरी."

"घाई नको. पुन्हा दाखवते."

"दुसरीच. दाखवायची असेल तर दाखवा... मला बसायला काही हरकत नाही."

मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. मामाच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना मी दिवसभर हाच प्रश्न विचारते, आणि लोक हमखास घोळ घालतात. हा मात्र परीक्षेचा पेपर फुटल्यासारखा फटाफट उत्तरं देत होता. तलावावर पोहायला शिकवायचा, म्हणून पाण्यात घालायचा नंबरचा चष्मा हवा होता. केस अजून ओलेच होते.

उठताना त्याची नजर माझ्या लॅपटॉपवर गेली. पडद्यावर एक लाल चेंडू हवेतच अडकला होता.

"हे काय?"

"अ‍ॅनिमेशन. हौस आपली... दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा."

"किती दिवस चाललंय?"

"झालं असेल वर्षभर."

"आणि वर्षभरात एक चेंडू?"

मला रागच आला. "सॉफ्टवेअर ठरत नाहीये ना अजून! एक फुकट आहे, पण किचकट. दुसरं सोपं, पण दर महिन्याला पैसे मागतं. तिसऱ्यात माणसं छान चालतात, पण माझा लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून प्रत्येकात हाच चेंडू करून बघतेय."

"नाचता येईना—" तो म्हणाला आणि ओठ दाबून थांबला.

"अंगण वाकडं! बोला की पूर्ण."

आतल्या खोलीत काचा घासता घासता मामा खो खो हसला. घरात माझं नावच बघूताई. पडद्यांचा रंग असो, कॉलेज असो, नाहीतर केस किती कापायचे ते असो, माझं उत्तर ठरलेलं. बघू.

"माझ्याकडेही येतात अशी माणसं," तो म्हणाला. "टोपी घेतात, चष्मा घेतात, नवे कपडे घेतात, आणि काठावर उभी. काठावर जितकं उभं राहाल ना, तितकं पाणी खोल दिसायला लागतं."

"मग काय करता? ढकलता?"

"छे! ढकललेला माणूस पुन्हा येत नाही. मी पाण्यात उभा राहतो. बस्."

तो गेला, आणि मी त्या फुकटच्या, किचकट सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा चेंडू सोडून दुसरं काहीतरी काढलं. तलावाच्या काठावर उभी असलेली एक मुलगी.

चष्मा न्यायला तो आला. मग डबीसाठी आला. मग पट्टा सैल झाला म्हणून आला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पट्ट्यासाठीच. "मास्तरांचा पट्टा फारच सैल होतो बुवा," असं म्हणत मामा मुद्दाम चहा सांगायला बाहेर जायचा. आम्ही दोघं मग लॅपटॉपसमोर बसायचो. अहो-जाहो कधी गळून पडलं ते आमच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या चित्रातल्या मुलीची उडी काही केल्या जमत नव्हती. सुरुवातीचं चित्र काठावरचं, शेवटचं पाण्यातलं, मधली सगळी कॉम्प्युटरने भरलेली. हिशेबात चूक नव्हती, तरी ती लाकडी बाहुली वाटायची.

त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. "ही उडी मारत नाहीये. हिला कुणीतरी ढकललंय."

"म्हणजे?"

"उडी मारणारा माणूस आधी खाली जातो. गुडघे वाकतात, छाती भरते... तो एक क्षण नसेल तर उडी त्याची नसतेच." मग पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "आणि... मला तू आवडतेस. उत्तर आजच पाहिजे असं नाही."

माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"बघू."

तो हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. डोळे बघण्याचंच काम करते मी, दिसणार नाही तर काय. मला तो आवडत होता, अगदी मनापासून आवडत होता. पण सॉफ्टवेअरमध्ये चुकलं तर बटण दाबून मागे जाता येतं. इथे मागे जायचं बटण नव्हतं, आणि मी घाबरले होते.

नंतरचे काही दिवस पट्टा सैल झाला नाही. त्या दिवसांत मी रोज दुपारी चित्रातल्या मुलीचे गुडघे काढत बसले. काढले, पुसले, पुन्हा काढले.

तो आला तेव्हा उभाच राहिला. "दुसऱ्या गावात नवा तलाव होतोय. मला बोलावलंय. पगार तेवढाच, पाणीही तसंच. उद्या हो-नाही कळवायचंय."

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

काठावरची मुलगी खाली पाहते. तिचे गुडघे हळूच वाकतात. खांदे वर येतात, ती श्वास घेते... आणि उडी मारते. पाणी उसळतं, ओसरतं, तेव्हा तिच्या समोर छातीभर पाण्यात एकजण उभा असतो. नाकावर चष्मा, चष्म्याचा पट्टा सैल.

त्याने ते शेवटपर्यंत पाहिलं. मग त्याने मला खांद्याला धरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि नंबर काढायची जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली.

"पहिलं, मी जातो. दुसरं, मी इथेच राहतो." त्याने फ्रेम जराशी सरळ केली. "कोणतं बरं दिसतंय?"

'पुन्हा एकदा दाखव' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. छाती भरून श्वास घेतला.

"दुसरं."

"घाई नको. पुन्हा दाखवतो."

"दुसरंच," मी म्हटलं. "दाखवायचं असेल तर दाखव... मला बसायला काही हरकत नाही."