सुकेपर्यंत थांब

सकाळचे सात वाजले होते. दार उघडल्याबरोबर तीन वर्षांची भिंगरी हात पसरून धावत आली, आणि आजी दोन पावलं मागे सरकली... "थांब, हात लावू नकोस मला!" पोर जागच्या जागी थबकली. मागे उंबऱ्यात तिची आई, म्हणजे आजीची एकुलती एक लेक, पिशवी धरून उभी होती. महिनाभर ती रोज हेच पाहत होती. लेक लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि तो चुकला की आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. आत्ताही तिचा पाय फरशीवर दाबलेला होता. पिशवी ठेवून ती निघून गेली.

आजी म्हणावं असं हिचं वय तरी कुठे होतं! अवघी बावन्न. घरी शिलाईचं मशीन, शाळेच्या गणवेशांचं काम, सगळं सुरळीत चाललेलं. पण पाळी थांबली आणि शरीराने घरातल्या घरातच बंड पुकारलं. बसल्या जागी अंगातून वाफा निघत, डोळ्याला डोळा लागत नसे, आणि राग तर सदा नाकाच्या शेंड्यावर. एके दुपारी भिंगरीने बटणांचा डबा उपडा केला, आणि आजीच्या हातून कात्री भिरकावली गेली... ती पोरीच्या पावलापासून वीतभर अंतरावर पडली! नेमकी त्याच वेळी लेक दारात. "पुन्हा असं झालं ना आई, तर मी तिला इथे ठेवणार नाही," एवढंच ती म्हणाली, आणि ते वाक्य आईच्या काळजात रुतून बसलं.

कुणाला न सांगता आजी डॉक्टरीणबाईंकडे गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची! औषध चालू आहे असं कळलं तर लेक म्हणेल, म्हणजे तुझं डोकं खरंच ठिकाणावर नाही. बाईंनी सगळं तपासून हार्मोनचं जेल दिलं, रोज सकाळी अंघोळीनंतर दंडाला लावायला, आणि गर्भाशयाच्या रक्षणासाठी रात्री एक गोळी. सुरुवातीला छाती दुखेल, डोकं जड होईल, मात्रा बसायला काही महिने लागतील, अधेमधे रक्त दिसलं तर लगेच या, असं सांगून वर बजावलं, की हे जेल लहान मुलाच्या अंगाला लागता कामा नये. तासभर जपा, सुकल्यावर वर बाही असू द्या. बाही! कापडातून काय काय पाझरतं हे शिलाई करणारीला कुणी शिकवावं? तिने लांब बाही घातली आणि शिवाय तासभर पोरीला हातभर दूर ठेवायचं ठरवलं.

औषधाने गुण आला. वाफा ओसरल्या, झोप लागू लागली, हरवलेली ती स्वतःला पुन्हा सापडली. पण महिन्यापूर्वी लेकीची पहिली शिकवणी नऊवरून साडेसातवर आली, आणि भिंगरीच्या येण्याची नि औषधाची वेळ एकच झाली. वेळ बदलावी हे आजीच्या मनातसुद्धा आलं नाही. खडूची खूण सोडून तिने जन्मात कधी कात्री चालवली नव्हती. डॉक्टरांनी सकाळी म्हटलं म्हणजे सकाळी. त्यात मात्रा थोडी वाढवल्यामुळे छाती पुन्हा ठणकायला लागलेली. एकदा संध्याकाळी पोर झेपावून छातीशी बिलगली तेव्हा आजीचा चेहरा वेदनेने पिळवटला, आणि लेकीने तोही पाहिला.

"नकोशी झाली असेल तर तसं सांग," त्या संध्याकाळी लेक म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून पाळणाघरात घालते."

दोन शब्दांत सगळं मिटलं असतं! पण कात्रीचा तो आवाज आईच्या कानातून गेला नव्हता. तिने जेल कपाटात टाकलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत... आठवडाभर तिने नातीला दारातच उचलून पोटाशी धरलं, त्या कोवळ्या स्पर्शाने तिचं व्याकुळ अंतःकरण निवलं. पण चौथ्या दिवशी घाम परतला, पाचव्या दिवशी झोप गेली. सातव्या दिवशी मशीनवर दोरा तिसऱ्यांदा तुटला, त्याच वेळी भिंगरीने कापड ओढलं, आणि आजीचा हात वर गेला... तो तिने हवेतच थांबवला. मग त्या हाताकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. संध्याकाळी तिने आपण होऊन लेकीला सांगितलं, "घाल पाळणाघरात."

लेकीला वाटलं होतं, आई भांडेल, अडवेल. तसं काहीच झालं नाही, म्हणून ती जास्तच चिडली.

रविवारी ती भिंगरीचे कपडे, खेळणी गोळा करायला आली. आई खाली मान घालून छोट्या झग्यांच्या घड्या घालत होती. कोपऱ्यात भिंगरीने बाहुलीला दूर, खुर्चीवर बसवलं होतं आणि दोऱ्याचं रिकामं रीळ ती आपल्या दंडावर चोळत होती. "थांब, हात लावू नकोस. औषध सुकू दे. माझ्या बाळाला लागलं तर?" मग बोटं धरून मोजणी. "एक, दोन, तीन, चार, नऊ..." मधेच थांबून तिने बाहीने स्वतःचे कोरडे डोळे पुसले.

लेकीच्या हातातला झगा तसाच राहिला. "डोळे का पुसतेस गं?"

"आजी पुसते. मोजताना."

"आई... कुठलं औषध?"

मग सगळं बाहेर आलं. कात्री, जेल, तो एक तास, वर उचललेला हात. लेक भिंतीला टेकून ऐकत होती. "मला का नाही सांगितलंस?" तिने शेवटी विचारलं.

"तू तिला नेली असतीस."

"अगं, आणि आता काय करत होते मी?" लेकीचा आवाज फुटला. तिने आईचा दंड धरला, आणि एकदम हात मागे घेतला. "आज लावलंयस?"

"आठवडा झाला."

लेकीने त्याच दंडावर कपाळ टेकलं, आणि दोघी पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. मनानेच औषध थांबवल्याबद्दल आईला चांगलीच बोलणी बसली. मात्रा किंचित उतरवली गेली, आणि वेळेचं ऐकून तर बाईंनी कपाळाला हात लावला. "नात घरी गेल्यावर, संध्याकाळी मांडीला लावा. मला विचारायचंत तरी!" मिनिटभराचं काम, आणि त्यापायी अख्खा महिना जळाला होता.

मंगळवारी सकाळी सातला दार उघडलं. पाळणाघराचं नाव कुणी काढलं नव्हतं. भिंगरी मात्र सवयीने उंबऱ्यातच थांबली, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शहाण्यासारखी मोजू लागली. "एक... दोन... तीन..."

आजीने चार म्हणू दिलं नाही.