पोचेची गाठ

ही हकीकत मी लढा संपल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, प्रत्यक्ष शिवणबाईंकडून ऐकली. लढ्याच्या काळात त्या लष्करी इस्पितळात फाटक्या चादरी शिवत असत.

चादरी धुऊन आणणारीला पहारेकरी ‘बोचकं’ म्हणत. डोक्यावरचा गठ्ठा सगळ्यांना दिसे. त्याखालचा चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. म्हणूनच क्रांतिकारकांचे निरोप तिच्या चादरींच्या दुमडीत शिवून येत. तिला अक्षरओळख नव्हती. निरोप हाती पडला की शिवणबाईंनी तिच्या डोईच्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची, तीच पोच. पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही, असा दंडक होता.

त्या दिवशी सकाळी यायची ती दुपारी तीनला आली.

“आज बरी सवड झाली गं!” शिवणबाई म्हणाल्या.

“फाटकावर अडवलं होतं, ताई...”

आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. खोलीत रोजचा धुण्याच्या सोड्याचा वास होता, आणि त्याखाली करपल्यासारखा दुसराच कसला तरी. शिवणबाईंनी दुमड उसवली. ‘पुलावर दबा धरून बसले आहेत. आज कुणी येऊ नये.’ दिवस मावळताना पूल ओलांडणाऱ्यांत त्यांचा धाकटा भाऊ होता. इशाऱ्याचे म्हणून ठरलेले लाल कापड त्यांनी धावत जाऊन खिडकीत वाळत टाकले. तेवढ्यात बाहेर बूट वाजले.

“जा तू, लवकर!”

तिने रुमालाचे टोक पुढे केले. “गाठ...”

“उद्या मारते. जा म्हणते ना!”

“गाठीशिवाय मला परत जाता येत नाही, ताई...”

दार उघडले. पहारेकरी आत आला, आणि खोलीत शिवणबाईंखेरीज कुणीच नव्हते.

“चादरी आता तुम्हीच धुवा, बाई,” तो हसत म्हणाला. “बोचकं सकाळी आठलाच आटोपलं, फाटकावर. थांब म्हटलं तर थांबेना, घातली गोळी. गठ्ठा चौकीत पडलाय.”

उसवलेली चादर अजून शिवणबाईंच्या हातात होती. ओली.

भाऊ वाचले, मी त्यांना भेटलो आहे. चौकीची नोंदवहीही पाहिली : ‘सकाळी आठ. एक बोचकं, जप्त.’ बाईचा उल्लेख नाही.

“तेव्हापासून रोज तीनला चादरीच्या पट्टीला गाठ मारून ठेवते,” शिवणबाई म्हणाल्या. “सकाळी सुटलेली असते. तिच्या रुमालाखेरीज दुसऱ्या कापडावरची पोच ती घेत नाही हो...”

माझ्यादेखत त्यांनी चादरीच्या एका पट्टीला दुहेरी गाठ मारली. ती पट्टी मी घरी नेऊन टेबलाच्या खणात कुलूपबंद केली. किल्ली माझ्या खिशात होती. सकाळी पट्टी सरळ होती, ओलीचिंब, आणि खणाला सोड्याचा वास येत होता.

शिवणबाई आता नाहीत. तीन वाजले की गाठ मी मारतो.

भाऊ, नोंदवही, वेळ, सारे पडताळले. ती गाठ कोण सोडते, एवढेच आजतागायत पडताळता आलेले नाही.