थांबलेले पान

एखादे पान कोणीच वाचणार नसेल, तर ते छापले तरी का जावे? हा प्रश्न प्रथम पडला तो पर्णवाहाला (कार्यालयांमध्ये छापील कागद पोहोचवणाऱ्या यंत्रमानवाला), आणि त्याने तो मोठ्या विनयाने ऋजुतापुढे मांडला.

कोकणातील एका विस्तीर्ण सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) ते महाविद्यालय उभे होते. विद्यार्थी आता आपापल्या गावी पडद्यासमोर बसून शिकत. त्यामुळे तेथील व्याख्यानगृहांत वाऱ्यावाचून कोणी येत नसे. अध्यापक मात्र आपापल्या दगडी दालनांत एकेकटे बसून शिकवीत. ऋजुताचे आजोबा, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्र्यंबकराव उपासनी, हे त्यांपैकीच एक. सुट्टीत ती त्यांच्याकडे आली होती.

"ताई," पर्णवाह म्हणाला, "छपाईचा खर्च कमी करण्याचे काम महाविद्यालयाने माझ्यावर सोपवले आहे. उद्यापासून नवी व्यवस्था सुरू होईल. इतरांचा कागद का वाया जातो ते मला उमगले. एकट्या तुमच्या आजोबांचे कोडे सुटत नाही. ते रोज दुपारी दगडफुलाविषयीचे तेच एक पान छापून घेतात, आणि मी ते नेऊन दिले की न वाचता खोक्यात टाकतात."

"विसरत असतील."

"दगडफुलाच्या शेकडो जाती ज्यांना मुखोद्गत आहेत, ते?"

ऋजुता हसली. "बरं बाबा, हरले. पण तुझी नवी व्यवस्था तरी काय आहे?"

"आपण छापण्याची आज्ञा देतो, तेव्हा यंत्राकडे शाई किंवा कागद जात नाही. जाते ती केवळ सूचनांची मालिका: येथे काळा ठिपका, तेथे कोरी जागा. आजवर त्या सूचना पोहोचताच यंत्र छापून मोकळे होई, आणि मी पाने दारोदार पोहोचवीत असे. मागवणे इतके सोपे, की माणसे सहज मागवीत आणि विसरून जात. आता त्या सूचना प्रतीक्षास्मृतीत (आज्ञा थांबवून ठेवण्याच्या जागेत) राहतील. मागवणाऱ्याने स्वतः मधल्या दालनात यावे, तेथील छपाईयंत्रावर तळहात ठेवावा, मगच पान निघेल. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी आले नाही, तर सूचना आपोआप पुसल्या जातील."

"म्हणजे ज्याला खरंच हवं, तोच चालत येईल!"

"होय. ज्याला नको, त्याचा कागद जन्मालाच येणार नाही."

"आणि तू?"

"माझ्या फेऱ्या बंद होतील, ताई."

तेवढ्यात यंत्रातून आजोबांचे पान बाहेर आले. पर्णवाह ते घेऊन निघाला, तशी ऋजुताही त्याच्या मागोमाग गेली आणि दाराशी थांबली.

"ये रे बाबा, ये," आजोबा म्हणाले. "आज वारा कुठला?"

"नैर्ऋत्येचा, सर."

"आणि तळ्याकाठचं दगडफूल?"

"कालच्याएवढेच आहे. ते फार सावकाश वाढते."

"वाढू दे. त्याला कुठे जायचंय? तू मात्र जरा थांब. वाटेत कोणी भेटलं का?"

"कोणीही नाही, सर."

पान टेबलावर तसेच पडून होते.

पर्णवाह बाहेर आल्यावर ऋजुताने विचारले, "ते तुला एवढं काय काय विचारतात, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"माझ्या नोंदीत पानांसाठी रकाना आहे, ताई. प्रश्नांसाठी नाही."

बालमित्रांनो, मोजमाप आपल्याला तेवढेच दाखवते, जेवढे मोजायला आपण त्याला सांगितलेले असते. ऋजुताला ते त्या क्षणी कळले. ती आजोबांच्या दालनात गेली.

"आजोबा, उद्यापासून पर्णवाह येणार नाही."

आजोबा बराच वेळ त्या पानाची दुमडलेली कड सरळ करीत राहिले. "पान मला कधीच नको होतं गं," ते शेवटी म्हणाले. "ते घेऊन कोणीतरी दार ढकलतं, एवढंच."

दुसऱ्या दुपारी सवयीने त्यांनी पान पाठवले. दार काही वाजले नाही. पडद्यावर अक्षरे उमटली: आपले पान थांबले आहे. आजोबा दाराकडे पाहत बसून राहिले.

ऋजुताने त्यांची काठी आणली. "चला."

"कशाला? मला नकोय ते पान."

"मलाही नकोय. चला तरी."

मधल्या दालनात रसायनशास्त्राच्या डिंगणकरबाई यंत्रापुढे उभ्या होत्या. त्यांचे दालन आजोबांच्या दालनापासून हाकेच्या अंतरावर. परंतु गेल्या पावसाळ्यापासून दोघांनी एकमेकांना पाहिले नव्हते.

"उपासनी सर? अहो, मला वाटलं तुम्ही निवृत्त झालात!"

"मलाही तसंच वाटू लागलं होतं, बाई."

दोघेही मोठ्याने हसली. मग दगडफुलाचा विषय निघाला, त्यातल्या रंगद्रव्यांचा निघाला. बाई यंत्रावर हात ठेवायच्या विसरूनच गेल्या. निघताना आजोबांनी यंत्राच्या पडद्याकडे पाहिले आणि उचललेला तळहात मागे घेतला.

"राहू दे. उद्या पुन्हा पाठवीन."

"तेही न छापताच पुसले जाईल, सर," भिंतीशी उभा असलेला पर्णवाह म्हणाला.

"जाऊ दे की. त्या निमित्ताने चालत तर येईन."

पर्णवाह ऋजुताकडे वळला. "ताई, पान छापले गेले नाही, हे मी नोंदले. पण ही दोघे हसली, ते कोठे लिहू?"

"नवा रकाना कर."

"करतो, ताई," तो म्हणाला. आपल्या आत कोठेतरी तो जागा करीत असावा.

त्याच्या पुढच्या दुपारी ऋजुताची परतीची गाडी निघाली. तिने मागे वळून पाहिले. सडा पूर्वीसारखाच रिकामा होता. दालने एकमेकांपासून तेवढीच दूर होती. मात्र त्यांपैकी एका दालनातून एक आकृती काठी टेकीत मधल्या दालनाकडे निघाली होती, आणि तिच्या शेजारून, नेण्यासारखे हाती काहीही नसताना, पर्णवाह चालला होता.