तीस मीटर खोल गप्पा

“तुमचं घड्याळ म्हणतंय, तुम्ही पाण्याखाली आहात.”

काउंटरवर पावती ठेवणारा तिचा हात जागीच थांबला. वडिलांची कवळी न्यायला आलेल्या बाईला कवळी बनवणाऱ्याने असं काही ऐकवावं, हे तिला अपेक्षित नसावं. तिने मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“हे घड्याळ नाही.”

“माहितेय. डाइव्ह कॉम्प्युटर. जुना घेतलाय ना?”

“कशावरून?”

“नवा इतकं धडधडीत खोटं बोलत नाही.”

ती हसली. खुदकन नाही, चांगली मोकळी, मागच्या खोलीतल्या प्लास्टरच्या जबड्यांनाही ऐकू जाईल अशी. कवळीवाल्याने उगाचच चष्मा पुसला. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून-पुसून चमकवणारा हा माणूस, पण कुणाचं हसणं त्याने इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

“दोनदा सेल बदलला,” ती सांगू लागली. “दोन दिवसांत मान टाकतो. परवा रविवारी मोसमातली शेवटची बोट आहे, आणि आमच्या कप्तानबाई म्हणतात, ज्याचं यंत्र धड नाही त्याने किनाऱ्यावर बसून शिंपले वेचावेत. मागची बोट याच्याच पायी हुकली. वर्षभर तलावावर पोरांना पोहायला शिकवते हो मी... रोज तीच निळी फरशी! शिक्षकांशिवाय समुद्रात माझी पहिलीच बुडी आहे ही.”

यंत्र छोटं, पण त्याच्यावर जीव टांगलेला. आपण किती खोल गेलो, किती वेळ राहिलो, आणि वर येताना अंगात मुरलेला वायू बाहेर पडावा म्हणून कुठे किती थांबायचं, हे सगळं ते सांगतं. ते चुकलं की माणूस चुकतो.

त्याने ते उलटं केलं. मागे धातूच्या दोन टिकल्या होत्या. त्यांना पाणी लागलं की यंत्राला कळतं, मालक बुडाला. आधीच्या मालकाने कधी ते गोड्या पाण्याने धुतलंच नसावं. टिकल्यांवर मिठाचा थर बसला होता. कोरड्यातही ते बिचारं बुडालेलंच समजत होतं आणि रात्रंदिवस जागून सेल संपवत होतं.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच.” त्याने मऊ ब्रश आणि थोडं व्हिनेगर घेतलं. “दात असोत की यंत्र, घासल्याशिवाय इलाज नाही.”

टिकल्या लखलखल्या. यंत्र गप झोपलं. पण खोली बरोबर सांगतं का, हे कसं बघायचं? उपाय टेबलावरच होता. कवळीचं प्लास्टिक घट्ट व्हावं म्हणून ती पाण्यात ठेवून हवेचा दाब देतात, त्याचं जाडजूड भांडं. त्याच्या दाबाचा काटा तीनवर नेला की आतल्या वस्तूच्या हिशेबी ती समुद्रात तीस मीटर खाली.

“पाच मिनिटं ठेवू,” यंत्र आतल्या पाण्यात सोडून झाकण आवळत तो म्हणाला.

पाच मिनिटं! ती स्टुलावर बसली. तुम्हाला हे सगळं कसं माहीत, तिने विचारलं. आपणही खूप वर्षं बुड्या मारायचो, त्याने सांगितलं, मग कानाचा पडदा गेला आणि डॉक्टरांनी पाण्याच्या वरच्या वर पोहायची तेवढी परवानगी ठेवली. “वाईट वाटतं?” तिने विचारलं. आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मग तो बोलत सुटला. मग ती. पाण्याला घाबरणारी पोरं, न घाबरणाऱ्या त्यांच्या आया, खालच्या निळ्या अंधारात ऐकू येणारा आपलाच श्वास...

तिचा फोन वाजला. पलीकडून वडील इतक्या जोरात बोलत होते की त्यालाही ऐकू आलं. “अगं पोरी, कवळी आणायला गेलीस की बनवायला?”

दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग भांड्याकडे. सव्वा तास! त्याने धसकून झडप उघडली, भस्सकन हवा सुटली, आणि आतून यंत्राने असा टाहो फोडला की फोनवरच्या वडिलांनी विचारलं, कोण किंचाळलं?

पडद्यावर कुलपाचं चिन्ह होतं.

“बिघडलं?” तिचा आवाज अगदी लहान झाला.

“बिघडलं नाही... रुसलंय. त्याला वाटतंय, तुम्ही तीस मीटर खाली सव्वा तास बसलात आणि कुठेही न थांबता उडी मारून वर आलात. त्याच्या मते तुम्ही आत्ता इस्पितळात असायला हवं. आता दोन दिवस ते तुम्हाला पाण्यात सोडणार नाही.”

दोन दिवस. म्हणजे रविवार संध्याकाळ. बोट तर सकाळची. तिने नुसती मान हलवली, आणि ते त्याला कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आपल्या तोंडाच्या टकळीने हिची बोट बुडवली होती.

त्याने ड्रॉवर उघडला. तळाशी, मऊ कापडात गुंडाळलेलं, त्याचं स्वतःचं यंत्र.

“हे न्या.”

“चालू आहे?”

“दरवर्षी सेल बदलतो.”

“पाण्यात जात नसताना?”

त्याने यंत्राची काच कापडाने पुन्हा एकदा पुसली.

“पण आधी याचीही परीक्षा,” तो म्हणाला. “दहा मिनिटं. आणि यावेळी आपण... बोलायचं नाही. एक शब्द नाही.”

तिने वडिलांना आणखी अर्धा तास मागितला. “मग मी दूध पितो,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

काटा तीनवर गेला. दोघं भांड्याच्या दोन बाजूंना बसली. बोलायचं नाही, म्हणून बघायचं तरी कुठे? तिने काट्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने वर पाहिलं, त्याने झटकन नजरेने काटा पकडला. ओठ दाबून ती हसू आवरत होती, आणि त्याचे कान तापले होते, पडदा गेलेलासुद्धा. सव्वा तासाच्या बोलण्यात जे दोघांनीही सांगितलं नव्हतं, ते त्या दहा मिनिटांत भांड्यावरून इकडून तिकडे गेलं. मग त्याने झडप सैल केली, हळू, अगदी हळू, पाच मीटरवर थांबत. यंत्र शहाण्यासारखं बाहेर आलं.

शनिवारी ती बटणं समजून घ्यायला आली. बटणं दोनच होती, तरी दुपार लागली.

रविवारी तोही तिच्याबरोबर धक्क्यावर गेला. कप्तानबाईंनी तिचं मनगट तपासलं, जुन्या ओळखीने त्याला “तू होय!” म्हणत बोटीत घेतलं, आणि सगळे जोडीजोडीने पाण्यात उतरले. तो वरच राहिला. पहिला तास त्याला बरा गेला. मग एकेक डोकं वर येऊ लागलं. एक जोडी, दुसरी जोडी, तिसरी. ती आणि तिची जोडीदारीण तेवढ्या नव्हत्या.

“येतील,” कप्तानबाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. ते यंत्र त्याचं होतं, त्याने स्वतः तिच्या मनगटावर बांधलं होतं. ते चुकलं तर? तीन दिवसांपूर्वी ही मुलगी या जगात आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि आता तिच्याशिवाय ही बोट परत फिरवायची कल्पना त्याला करवेना. तो कठड्यावर इतका वाकला की कप्तानबाईंनी मागून त्याचा शर्ट धरला.

बुडबुडे आले. मग दोन डोकी. तिने मुखवटा वर सारला, तोंडातली नळी काढली आणि हसली, तशीच मोकळी. त्याच्या जिवात जीव आला. डोळेही भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

“इतका उशीर?” तो ओरडला.

“थांबत थांबत आले! घाबरलात?”

“हो. खूप. तुम्ही आला नसतात तर... मला नाही जमणार हो, तुमच्याशिवाय.”

कप्तानबाई दोरखंडात फारच गुंतल्या. तिने शिडीला हात घातला, पण वर चढली नाही. पाण्यात तरंगत त्याच्याकडे बघत राहिली.

“उद्या मी दुकानात येणार आहे,” ती म्हणाली. “काहीच दुरुस्त करायचं नसताना. चालेल?”

त्याने हात पुढे केला, आणि तिने तो धरला.