रडण्याची रीत

"रड की गं, रड! अगं, तुझा सासरा चाललाय ह्या घरातून... काळीज हाय का न्हाई तुला?"

बायडाबाईंनी सुनेचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले, आणि अंगणात जमलेल्या बायकांचा आकांत क्षणभर थबकला! ओसरीवर घोंगडीवर आसारामांचा देह ठेवला होता. शेवगावच्या पुढे, माळावरच्या त्या एकाकी वस्तीवर आसपासच्या साऱ्या वस्त्यांवरून माणसं धावत आली होती; बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, हेल काढून, गेलेल्या माणसाचा एकेक गुण आळवीत रडत होत्या... आणि घरातली एकुलती एक सून रंगुबाई मात्र उंबऱ्याशी उभी होती, कोरड्या डोळ्यांनी! तिने दाराची चौकट अशी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पण बोटांकडे बघायला त्या वेळी कुणाला सवड होती?

"टिपूस न्हाई गं हिच्या डोळ्यात!" शेजारच्या वस्तीवरची रतनबाई पदराआडून पुटपुटली, आणि ती कुजबुज तिरडी उचलायच्या आत साऱ्या अंगणात फिरली.

रंगुबाईने ती ऐकली. खाली मान घालून ऐकली. मनात ती एकच गोष्ट घोकत होती, मामंजी, तुमच्या वाटेवर माझा एक थेंब पडायचा नाही... लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे!

आता ही डोंगरातली पोर या उघड्याबोडक्या माळावर आली कशी, तर त्याला कारण आसारामच. बैलांचा त्यांना भारी नाद. खोंड घेऊन पार राजूरच्या बाजारापर्यंत पायी जायचा हा गडी! एका पावसाळ्यात तिथेच हिवतापाने आडवा झाला, आणि बाजारातल्या ओळखीवर राजूरजवळच्या एका वाडीतल्या घराने त्यांना उचलून आपल्या पडवीत नेलं. घरधनीण गोजरबाईने या परक्या माणसाला सख्ख्या भावासारखं जपलं, तांदळाची पेज पाजून उठतं केलं. निघताना आसारामांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, मला लेक न्हाई. तुमची ही रंगू माझ्या गोरक्षनाथाला द्या."

घरी आल्यावर बायडाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आवं, समदा मुलूख सोडून डोंगरातली सून? तिला बाजरीची भाकरी तरी थापता येती का?"

येत नव्हतीच! पण रंगुबाई शिकली. नागलीच्या भाकरीचा हात मोडून बाजरीचा बसवला, पदर इथल्यासारखा घेतला, बोलण्यातलं 'नाय' सोडून 'न्हाई' उचललं, जात्यावरच्या माहेरच्या ओव्या विसरून सासरच्या पाठ केल्या. आपलं म्हणून जे जे काही त्या डोंगरातून तिने पदराला बांधून आणलं होतं, ते एकेक करून तिने निमूट सोडून दिलं. अगदी हसतमुखाने! बायडाबाईंच्या तोंडून एकदा तरी 'माझी सून' असं निघावं, एवढीच त्या जिवाची आस होती.

फक्त एक गोष्ट तिला सोडता आली नाही. तिच्या वाडीत गेलेल्या माणसावर कुणी लगेच रडत नसे. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत डोळ्यातून पाणी काढायचं नाही, कारण जाणाऱ्याची वाट भिजते, त्याचा पाय निसरतो... लहानपणापासून हे तिच्या रक्तात भिनलेलं. स्वतःसाठी असतं तर तिने हेही सोडलं असतं, गळा काढून चार माणसांत रडली असती, नाव मिळवलं असतं. पण ही वाट मामंजींची होती; ज्या माणसाने तिला लेक म्हणून आणलं, त्याची!

तिसऱ्या दिवशी तिने धीर करून सासूला सांगितलं. "आत्याबाई, आमच्याकडं अशी रीत हाय... आसवांनी त्यांची वाट भिजती म्हणून..."

"वाट भिजती?" बायडाबाई उसळल्या. "हितं पेयाला थेंब न्हाई, हिरी आटल्यात, जनावरं छावनीला गेलीत, आन् हिची वाट भिजती! कसली म्हनायची ही रीत? माणसात राहणाऱ्या माणसांची तर न्हाई."

त्या शेवटच्या शब्दांनी रंगुबाईचं तोंड कायमचं मिटलं. स्वतःला काहीही बोललेलं ती गिळत आली होती, पण आईची ती वाडी, ती माणसं... त्यांची आणखी विटंबना व्हायला नको, म्हणून ती पुन्हा त्या विषयावर अवाक्षरही बोलली नाही.

दहाव्याला कावळा शिवला. माणसं पांगली, तशी ती आटलेल्या विहिरीवर गेली, मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्याआड बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून एकटीच रडली... किती रडली! मामंजी तिला 'पोरी' म्हणायचे, चोरून पेज मागायचे, सासू रागावली की डोळे मिचकावायचे. तोंड पुसून ती घरी परतली तेव्हा बायडाबाई रतनबाईला सांगत होत्या, "बघ, दहाव्याच्या दिशी हिंडून आली!"

मग बायडाबाईंनी ठरवूनच टाकलं. "गोरक्षा, ह्या आखितीच्या सणाला तुमची चूल येगळी. त्या कोरड्या डोळ्याच्या बाईसंगं एका चुलीवर माजं अन्न शिजायचं न्हाई." गोरक्षनाथ दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेला, बापाच्या दुःखात बुडालेला, आणि आईपुढे जन्मात कधी न बोललेला! तो बायकोला एवढंच म्हणाला, "जरा दमानं घे. आईचं दुःख ताजं हाय."

माझं शिळं आहे का हो, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने त्याच्यापुढे भाकरी वाढली.

चैत्र लागला, आणि राजूरहून रंगुबाईचा भाऊ छगन उन्हातान्हातून वस्तीवर येऊन उभा राहिला. गोजरबाईंनी अंथरूण धरलं होतं, लेकीचं तोंड बघायला त्यांचा जीव घुटमळत होता. गोरक्षनाथाला कामावरून निघता येईना. तेव्हा बायडाबाईच उठल्या, लुगडं बदललं आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, "म्या येते. इहीन मरनाच्या दारात, आन् आमच्याकडचं कुनी गेलं न्हाई, असं व्हायला नगं." सुनेच्या मायेपोटी नव्हे बरं का, घराण्याच्या नावापोटी!

एसटीच्या तीन गाड्या बदलत, नगर, संगमनेर, अकोले करीत सासू-सून वाडीवर पोचल्या. गोजरबाईंनी लेकीचा हात हातात घेतला, विहिणीकडे बघून हात जोडायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, त्यांचे प्राण गेले.

बायडाबाई आकांताची वाट बघत होत्या. तो झालाच नाही!

घर गप्प झालं. वाडीतल्या बायका एकेक करून आल्या, गोजरबाईंच्या पायांवर डोकं ठेवून भिंतीकडेला बसल्या. कुणी हुंदका दिला नाही, कुणी ऊर बडवला नाही. ही काय माणसं म्हणायची? बायडाबाईंना ती शांतता सोसवेना. आपण एवढ्या लांबून आलो, चार बायका बघतायत, विहिणीचा मान ठेवायला हवा... त्यांनी पदर सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि त्यांच्या मुलखाच्या रीतीने टाहो फोडला, "माझे इहीनबाईऽऽ, कुठं गेलीस गंऽऽ..."

सारी वाडी दचकली! भिंतीकडेच्या बायका घाबऱ्या नजरेने एकमेकींकडे बघू लागल्या. बाहेर तिरडी बांधणाऱ्या पुरुषांचे हात थांबले. गोजरबाईंची थोरली जाऊ आक्काबाई लगबगीने आली आणि तिने आपला सुरकुतलेला तळवा बायडाबाईंच्या तोंडावर ठेवला. हळुवार, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"नका रडू, इहीनबाय. तिची वाट भिजंल."

बायडाबाईंचा टाहो थांबला. जन्मात पहिल्यांदा, रडल्याबद्दल माणसं त्यांच्याकडे अशी बघत होती! शरमेने त्यांची नजर सुनेकडे वळली. रंगुबाई दारात उभी होती. जन्मदाती आई समोर निपचित पडलेली, आणि हिचे डोळे कोरडे... तोच चेहरा! त्या दिवशी आसारामांपुढे होता, अगदी तोच! आणि आज, या परक्या घरात, बायडाबाईंची नजर त्या चेहऱ्यावरून खाली तिच्या हातांवर गेली. चौकट धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

ही पोर माझ्या धन्यासाठी अशीच उभी होती... आईसाठी उभी आहे तशीच! आणि मी तिला गदागदा हलवलं, चारचौघांत! बायडाबाई भिंतीकडेच्या बायकांत जाऊन बसल्या.

बायडाबाईंनी तिथेच राहायचं ठरवलं. वाडीतल्या एका पोराकरवी तेवढा लेकाला निरोप धाडला, "दहावा करून येतो म्हनावं. आन् आखितीला येगळी चूल मांडायची न्हाई, असं बी सांग." रंगुबाईने हा निरोप आतून ऐकला, पण कारण विचारायचं धाडस तिला झालं नाही.

एका दुपारी आक्काबाई बायडाबाईंना घेऊन वाडीच्या कडेला गेली. तिथून मसणवट दिसत होती, खाली ओढ्याकाठी. आणि तिकडे उतरणारी वाट चांगलीच उभी, दगडगोट्यांची.

"आमच्या आजेसासूच्या टायमाची गोष्ट," आक्काबाई सांगू लागली. "पावसात एक तरणा गडी गेला. बायका रडत-भेकत तिरडीला झोंबल्या, खांदेकऱ्यांचा पाय सरला, आन् चौघंबी घसरले या उतारावरनं. एक तर जाग्याव गेला. तवाधरनं म्हाताऱ्यांनी ठरवलं, दहाव्यापत्तुर रडायचं नाय. पुढं पोरीबाळी म्हनाया लागल्या, आसवांनीच वाट भिजती."

बायडाबाई त्या उताराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं समदा सपाट माळ, आक्काबाई. एक वस्ती हितं, तर दुसरी कोसावर. मानूस गेलं तर सांगायला कोन धावनार? बाई हेल काढती, वाऱ्यावर आवाज जातो, तवा मानसं गोळा व्हत्यात. न्हाई रडलं, तर मढं उचलायला चार खांदं मिळायचे न्हाईत. म्या कधी इचारच केला न्हाई बघा. मला वाटलं, माया आसली की मानूस असंच रडतं."

"आमालाबी तसंच वाटतं की," आक्काबाई म्हणाली, "गप राहतं ते मायेचं!" आणि दोघी म्हाताऱ्या दुःखातही किंचित हसल्या.

दहाव्याला कावळा शिवला. पुरुष माघारी फिरले, आणि वाडीच्या बायका ओढ्यावर उतरल्या. त्यांची रीत अशी, की आता प्रत्येकीने वेगळा दगड धरून, पाण्याकडे तोंड करून, आपलं आपण रडायचं. हलक्या हुंदक्यांनी ओढा भरून गेला. रंगुबाई सगळ्यांत शेवटच्या दगडावर बसली होती. आज मुभा होती. पण तिला रडूच येईना. मामंजी, आई, ते टोमणे, तो दुरावा... सारं छातीत इतकं घट्ट बसलं होतं की वाटच सापडेना!

मागून पावलं वाजली. बायडाबाई लुगडं सावरीत येऊन तिच्या शेजारी, त्याच दगडावर बसल्या.

"तुजे मामंजी गेले, तवा दहाव्याला कुठं रडलीस गं?"

रंगुबाई चपापली. "हिरीवर... थारोळ्याआड."

"एकलीच?"

"व्हय."

"मला हाक का न्हाई मारलीस, पोरी?"

रंगुबाईने मान वर केली. फार दिवसांनी ती सासूच्या डोळ्यांत बघत होती. "तुमी आला असता का, आत्याबाई?"

बायडाबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. "न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई आले असते."

सासूने सुनेची माफी मागावी, अशी रीत त्यांच्या मुलखात नव्हती. तसले शब्दच कुणी शिकवले नव्हते. पण हेल काढून रडताना बाईला काहीही बोलता येतं, मनातलं सगळं मेलेल्या माणसाला सांगता येतं, आणि त्याबद्दल तिला कुणी जाब विचारत नाही! बायडाबाईंनी सुनेला दोन्ही हातांनी कवटाळलं, तिचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं आणि ओढ्याच्या त्या निवांतात त्यांचा माळावरचा आवाज उठला...

"इहीनबाईऽऽ, पोटची लेक दिलीस गं मलाऽऽ... म्या तिला वळखली न्हाई गंऽऽ... माझ्या धन्यापायी चार मानसांत बोल घेतला गं तिनंऽऽ... म्या आंधळी झाले, इहीनबाईऽऽ... माझ्या सुनंला म्या एकली रडू दिली गंऽऽ..."

'माझ्या सुनंला'!

रंगुबाईच्या छातीतलं काहीतरी फुटलं. "आत्याबाई!" म्हणून तिने हंबरडा फोडला... पदर तोंडाशी न धरता, मोकळ्या गळ्याने, आयुष्यात पहिल्यांदा! सासूच्या गळ्यात पडून ती रडत राहिली, आईसाठी, मामंजींसाठी. आणि बायडाबाई हेलामागून हेल काढीत तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिल्या.

दगडादगडांवरच्या बायकांनी वळून बघितलं. असं रडणं त्या वाडीने कधी ऐकलं नव्हतं. आक्काबाई आपल्या दगडावरून उठली, गुडघ्यांवर हात टेकीत त्या दोघींपाशी आली आणि बायडाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून खाली बसली. तिला ते बोल येत नव्हते; म्हणून तिने नुसता सूर धरला.