सातवी फाईल

तळोद्याहून मोलगीला जाणाऱ्या जीपांचा एक कायदा आहे. ज्याचं फडकं सीटवर, त्याची जागा. आणि शेवटची जागा भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. दिवाल्या ड्रायव्हर तर एका माणसासाठी दुपारची संध्याकाळ करायचा. आयुष्यात एकदाच तो एक जागा रिकामी ठेवून निघाला, आणि त्याच दिवशी नऊ माणसांसकट दरीत गेला. त्याला तीन वर्षं झाली.

हा कायदा रूपालीनं संगणकात घातला. बाप हिलालनाना त्याच रस्त्याचा ड्रायव्हर, पोरगी पायथन शिकलेली. जॅंगो या पायथनच्याच साच्यात तिनं जागा राखायचं वेबपान बांधलं. सहा जीपा, जावास्क्रिप्टच्या सहा छोट्या फायली, आणि त्यांना नावानं हाक मारणारी एक मुख्य फाईल. हाक मारलेली एक जरी आली नाही, तर सगळं पान कोरं. तीही जीपच म्हणा ना.

मोलगीच्या बाजाराच्या सकाळी पान कोरं निघालं. सर्व्हरच्या नोंदीत सहाही फायली मिळालेल्या. खाली सातवी मागितलेली, नाव ‘दिवाल्या’. सापडली नाही.

रूपालीनं सगळा कोड चाळला. ही हाक तिनं कुठेच लिहिली नव्हती. इकडे जीपवाल्यांचे फोन सुरू झाले. मग घाईतला प्रोग्रामर करतो तेच तिनं केलं. त्या नावाची रिकामी फाईल बाकी सहांशेजारी स्टॅटिक फोल्डरमध्ये ठेवून दिली.

पान चालू झालं. त्यावर जीपा सात होत्या.

सातवीत दहा जागा, नऊ भरलेल्या. पहिलं नाव खात्या नावाच्या प्रवाशाचं. तो दिवाल्याबरोबर दरीत गेला होता. बाकीची आठही त्याच अपघातातली.

दहावी जागा भरली. हिलाल.

तिनं फाईल पुसली. पान पुन्हा उघडलं. नोंद आली: मिळाली.

तिनं फोन लावला.

“नाना, तुम्ही कोठे शेतस?”

“घाटमा. मन्ही गाडी बंद पडनी. दुसरी जीप भेटनी, एकच जागा व्हती. आत्तेच बठनू.”

“कोन चालवी ऱ्हायना?”

नाना हळूच म्हणाले, “तोंड दिखत नही त्यान्हं.”

“उतरा नाना. आत्ते उतरा.”

दार आपटल्याचा आवाज आला. पडद्यावरचं हिलाल पुसलं गेलं.

“उतरनू, बेटा. पन डबा सीटवरच राही ग्या.”

डबा सकाळी तिनंच बांधून दिला होता. आपल्या जुन्या पिवळ्या ओढणीत.

दहाव्या जागेवर नाव उमटलं. रूपाली.

खाली गल्लीत एक जीप येऊन उभी राहिली. इंजिन चालू होतं. हॉर्न कुणी वाजवत नव्हतं. दिवाल्याला घाई कधीच नसायची.