चंपाबाईंची चाल

चौऱ्याहत्तर साली रिठदला माणिकरावांच्या ओसरीत दुपारची भांडी घासून झाली की पत्ते निघायचे. बाप्ये शेतात असायचे, म्हणून डाव बायकांचा. माणिकरावांची बायको चंपाबाई, शेजारच्या प्रयागबाई आणि पंचफुला, आणि सरकारी दवाखान्यातली नर्स वच्छला. वच्छला बौद्धवस्तीत राहायची. गावातल्या काही ओसऱ्या तिला अजून बंद होत्या. चंपाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी घोंगडीवर आपल्या शेजारी जागा करून दिली होती.

पैसे नसत, चिंचोके लावायचे. आधी दोन-दोन पानं वाटायची, मग चाल. जी चाल भरेल तिलाच तिसरं पान मिळायचं. एका रंगाची लागोपाठची तीन लागली की डाव तिचा. हे सगळं चंपाबाईंनीच वच्छलाला शिकवलं. "एका रंगाची दोन पानं शेजारशेजारची आली म्हणून हुरळू नको. बाया लय असल्या अन् चाल लहान असली, तं भर. एकटीच कोनी चाल वाढवून राह्यली असन, तं टाकून दे."

भादव्यात चंपाबाई काविळीनं गेल्या. दिवाळीनंतर माणिकरावांनीच निरोप धाडला, घर खायला उठतं, पहिल्यासारखं येऊन खेळत जा. त्या दुपारी प्रयागबाईंनी सवयीनं चौघींची पानं वाटली. चंपाबाईंची कुणी उचलेना. पंचफुला म्हणाली, राहू द्या, त्यांच्या नावानं मी एक चिंचोका टाकते.

पुढं पुढं तो कुणी टाकायच्या आधीच पडलेला असायचा. प्रत्येकीला वाटे, दुसरीनं टाकला. मग चंपाबाईंच्या बाजूनं चाल वाढू लागली. वच्छलानं नजर ठेवून पाहिलं, पण हातातल्या पानांकडे बघावंच लागे, आणि मान वर करावी तर ढीग वाढलेला. एका डावात बाकीच्यांनी पानं टाकली, पंचफुला हट्टानं भरत राहिली. शेवटी चंपाबाईंची पानं उलटली तर किलवरची, लागोपाठची तीन. पंचफुला हसली. त्याच आठवड्यात ती तापानं गेली.

गावात हिवताप होताच. वच्छलानं गोळ्या दिल्या होत्या, रक्त तपासायला वाशिमला पाठवलं होतं. तिनं स्वतःची समजूत तशीच घातली. प्रयागबाईंचं मात्र जेवण तुटलं. त्या उंबऱ्याबाहेर पडेनात. तेव्हा वच्छलानं ठरवलं, पत्ते मागून आणायचे आणि त्यांच्यादेखत चुलीत घालायचे.

ती एकटीच भर दुपारी माणिकरावांकडे गेली. ते आत झोपले होते. ओसरीत घोंगडी अंथरलेली होती. पंचफुलाची जागा रिकामी. उरलेल्या तिघींच्या जागांपुढे दोन-दोन पानं पालथी. चंपाबाईंच्या बाजूनं चिंचोक्यांचा मोठा ढीग मधोमध सरकवलेला.

तिनं एक चिंचोका उचलला. तो ओला होता, तोंडातून नुकताच काढल्यासारखा.

पत्ते गोळा करायला हात घातला आणि तिनं आपली पानं उलटून पाहिली. कशाला पाहिली, ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. इस्पिकची नव्वी आणि दश्शी.

समोर कुणी नव्हतं. तरी कुणी आपल्या चालीची वाट बघत असल्यासारखी ती बसून राहिली.

मग चंपाबाईंचं सांगणं आठवलं. तिनं पानं टाकली.

काही झालं नाही. आत माणिकराव घोरत होते. पत्त्यांना पुन्हा हात लावायचा धीर तिला झाला नाही. चपला घालताना तिनं एकदा मागं पाहिलं.

प्रयागबाईंच्या जागेपुढे आता तीन पानं होती.

ती धावतच सुटली. प्रयागबाई दारात उन्हात बसून सूप पाखडत होत्या.

"तुमी तिकडं गेल्त्या काय?"

"नाई वं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू पानं टाकली. मंग मीच राह्यली."

आणि त्या पाखडत राहिल्या. सुपात काहीच नव्हतं.